गाव न विचारणारा आण्णा

आण्णा गेल्याची बातमी मला माझ्याच चेष्टेतून कळली. सकाळी मी दूध कट्ट्यावर उभा होतो. आमच्या कोल्हापुरात डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून फेसाळ पेला हातात देतात, आणि निवृत्त माणसाला सकाळी घराबाहेर पडायला तेवढं कारण पुरतं. पेला तोंडाला लावणार एवढ्यात फोन वाजला. त्यावर आण्णाचं नाव. गेल्या कित्येक वर्षांचा आमचा रिवाज असा, की दोघांत जो आधी उठेल त्यानं फोन लावायचा आणि दुसऱ्यानं रामराम-नमस्कार काही न करता विचारायचं, "काय रं, हाईस का गेलास?" तसं मी विचारलं. शेजारी म्हैस हंबरत होती म्हणून जरा वरच्या पट्टीतच विचारलं. पलीकडं कुणीच बोलेना. मला वाटलं, आण्णा तोडीस तोड उत्तर जुळवतोय... मग त्याच्या मुलाचा, महावीरचा आवाज आला, "काका, मी बोलतोय. आण्णा गेले. चहा घेता घेता गेले."

मी पेला तसाच परत दिला. गवळी म्हणाला, "काय झालं मास्तर, माशी पडली काय?" मी व्हय म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही. ज्या जिभेनं मला जन्मभर तोंडघशी पाडलं, तिनं आण्णाच्या मरणातसुद्धा माझी लाज काढायची सोडली नाही. या गोष्टीला सहा आठवडे होऊन गेले. कागलला त्याच्या घरी मी अजून दर रविवारी जातो. पण आण्णावर लिहायचं म्हणजे माझ्या जिभेवर लिहायचं, त्यामुळं टाळत होतो.

आण्णा म्हणजे बाळगोंडा. कागलकडच्या जैन शेतकऱ्याचं चौथं पोर. मी पेठ वडगावचा. आम्ही कोल्हापुरात कॉलेजात एका बाकावर बसलो, एवढीच आमची पूर्वपुण्याई. मी इंग्रजीत हुशार आणि बाकी सगळ्यात ढ. आण्णा बाकी सगळ्यात हुशार आणि इंग्रजीत ढ. परीक्षेत आम्ही दोघं मिळून एक चांगला विद्यार्थी होत होतो. पुढं मी इंग्रजीचा मास्तर झालो आणि चाळीस वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना छळलं. आण्णा निपाणीकडच्या एका विडीपानाच्या व्यापाऱ्याकडं लागला. विडीचं पान, म्हणजे तेंदूचं पान, येतं गडचिरोलीच्या जंगलातून. दर उन्हाळ्यात दीड-दोन महिने आण्णा तिकडं जाऊन राहायचा. पाडे, पायवाटा, नाले, कुठली नदी कुठं उतरता येते, हे सगळं त्याला तळहातासारखं माहीत झालं. तिथली माडिया भाषा तो अशी बोलायचा की मला हेवा वाटे. मी इंग्रजी शिकलो पुस्तकातनं. त्यानं माडिया शिकली पानांचे पुडे मोजणाऱ्या बायांकडनं, आणि त्या बायांनी त्याला चुकलं की हसून हसून सुधारलं.

त्या जंगलात त्या काळी काय चाललं होतं हे वाचकांना ठाऊक आहे. आत बंदूकवाले आणि बाहेर बंदूकवाले, मधी माणसं. बाहेरच्या देशातल्या वार्ताहरांना ती माणसं भेटायची असत आणि कुणी न्यायला तयार नसे. एकदा असाच एक परदेशी पत्रकार गाडी बंद पडून रस्त्यात बसला होता. आण्णानं त्याला पानांच्या ट्रकात पोत्यांवर बसवून आत नेलं आणि तसंच बाहेर आणलं. त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. बघता बघता, कागलचा एक विडीपानाचा माणूस हा तिकडच्या वार्ताहरांच्या डायऱ्यांमधला पत्ता होऊन बसला. मग पानांचा हंगाम नसला तरी आण्णाला बोलावणं येऊ लागलं. तो नागपूरला जायचा, भाड्याची जीप घ्यायचा, स्वतः चालवायचा. आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं म्हणून, सुट्टी असली की मला न्यायचा.

मला वाटायचं, आपण आता जगाच्या वर्तमानपत्रात जाणार. पहिल्या फेरीला मी मुद्दाम नवा सफारी शिवला. रंग खाकी. सिनेमात रानात जाणारी माणसं तसलेच कपडे घालतात अशी माझी माहिती. नागपूरच्या लॉजवर आण्णानं मला बघितलं आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, हे घालून आत गेलास तर आतले तुला पोलीस म्हणून धरतील आणि पोलीस तुला आतला म्हणून. दोन्हीकडनं तुझाच नंबर. काढ ते." बॅगेत दुसरी पँटही तसल्याच रंगाची निघाली. शेवटी मी आण्णाचा पांढरा पायजमा आणि एका दाढीवाल्या फोटोग्राफरचा गुलाबी बनियन अशा थाटात त्या जंगलात शिरलो. आण्णाचा पायजमा मला घोट्याच्या चार बोटं वर येत होता. पुढं त्या फोटोग्राफरनं पाठवलेल्या फोटोंत मी नाही. त्यानं प्रत्येक फोटोतून मला कटाक्षानं वगळलंय. कलेची जाण असलेला माणूस.

आत जायच्या आदल्या दिवशी दुपारी आण्णाची बैठक असायची. परदेशी लोक तिला ब्रीफिंग म्हणत. आण्णा 'पाठ' म्हणायचा. तो बॅगेतनं एक पितळेची ताटली काढायचा. तिच्या कडेला एके ठिकाणी पोचा होता. तो पोचा म्हणजे नेहमी उत्तर. मग शेंगदाणे मांडायचा, एक दाणा म्हणजे एक पाडा. गुळाचे खडे म्हणजे पोलीस ठाणी. खोबऱ्याचा तुकडा म्हणजे डोंगर. मिठाची बारीक धार सोडायचा, ती नदी. कुठून शिरायचं, कुठं थांबायचं, कुठं गाडी सोडून चालायचं, कुठं फोटो काढायचे नाहीत, सगळं बोटानं दाखवायचा. कागद-पेन कुणी काढलं की हळूच त्याची वही मिटायचा आणि त्याच्या तळहातावर गूळ ठेवायचा. सगळ्यांना समजलं की सगळ्यांनी मिळून तो नकाशा खाऊन टाकायचा. ज्याला ज्या पाड्यावर जायचंय त्यानं तो दाणा खायचा. "पोटात ऱ्हाऊ दे," म्हणायचा, "कागदावर नको." एका वार्ताहरानं पुढं आपल्या लेखात लिहिलं, की पश्चिम महाराष्ट्रात प्रवासाआधी शेंगदाणे-गूळ वाटून खाण्याचा एक प्राचीन विधी आहे. मी त्याला ते तसं सांगितलं नव्हतं... पण तो विचारत होता तेव्हा मी मान हलवली होती, हे कबूल केलं पाहिजे.

पाठाच्या शेवटी आण्णाचे इंग्रजी नियम. "नो नेम. नो व्हिलेज. नो फेस. सनसेट, फिनिश." एवढंच तो स्वतः बोलायचा, आणि मग मी त्याचं भाषांतर करायचो, इंग्रजीतून इंग्रजीत. पहिल्या खेपेला मी त्यावर पाच मिनिटं बोललो. आण्णा ऐकून घेऊन म्हणाला, "मास्तर, मी मोजून आठ शब्द बोललो. तू एवढे कुठनं आणलास?" शेवटच्या नियमाचा पाहुण्यांना फार धाक. सूर्य मावळायच्या आत जंगलाबाहेर, म्हणजे बाहेर; कुणी राष्ट्राध्यक्ष मुलाखत द्यायला बसला असला तरी उठायचं. ते लोक याला सुरक्षेची व्यवस्था समजत. खरं कारण निम्मं तेच होतं. दुसरं निम्मं असं, की सूर्य मावळल्यावर आण्णा अन्नाला शिवत नसे आणि दिवसभर जीप हाणून त्याला सडकून भूक लागलेली असे. कितीतरी परदेशी पत्रकार जैनांच्या जेवणाच्या वेळेमुळं जिवंत घरी गेले, असं मी म्हणायचो. आण्णा म्हणायचा, "हसू नगंस. नियम पोटाला बांधलेला असला की मोडत न्हाई."

दुसरी गोष्ट मात्र मला कधी जमली नाही. आण्णा कुणालाच गाव विचारत नसे. हे वाचून कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला काही वाटणार नाही. पण आमच्याकडं एसटीत शेजारी बसलेल्याला, दवाखान्यात पुढच्या नंबरवाल्याला, लग्नात पंगतीतल्या माणसाला पहिला प्रश्न हाच. "पावणं, गाव कुठलं म्हणायचं?" मग कुणाचं, कुठल्या गल्लीतलं, बायकोचं माहेर कुठलं, म्हणजे अमक्याचे साडू काय, आणि तिसऱ्या मिनिटाला कुठलं तरी नातं निघतंच. ते निघालं नाही तर आम्हाला जेवण जात नाही. कागलात जन्मलेल्या माणसानं हे सोडून द्यावं म्हणजे नवल. मी एकदा विचारलं, तर जीप चालवता चालवता म्हणाला, "आपल्याकडं गाव इचारत्यात ते जवळ घ्यायला. हितं दोघंबी येऊन तेच इचारत्यात, तू कुठला, तू कुणाचा, आणि मग मारत्यात. कुणीतरी एकानं तरी 'तुला काय झालं' एवढंच इचारावं की."

मी मान हलवली. वर्षानुवर्षं माझ्यासमोर मुलं अशीच मान हलवत आली, त्यामुळं तिची किंमत मला ठाऊक होती.

तिसऱ्या फेरीला एक रेडिओवाल्या बाई होत्या. युरोपातल्या एका लहानशा देशातून आल्या होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, जिथं बसतील तिथं आधी कान टवकारणाऱ्या. आण्णाला त्या फार आवडल्या, कारण पाठ ऐकताना त्यांनी वही काढलीच नाही. त्यांना ज्याला भेटायचं होतं तो माणूस त्याच्या पाड्यावर भेटणार नव्हता. तो अर्धा दिवस चालत दुसरीकडं आला होता, पानं गोळा करायच्या एका जागेवर, तिथं हंगाम नसल्यामुळं चिटपाखरू नव्हतं. आपण कुठले आहोत हे कुणाला कळू नये यासाठीच त्या माणसानं तेवढी पायपीट केली होती. तो मराठी बोलत होता, मोडकी, जपून. मोहाच्या झाडाखाली आम्ही चौघं बसलो. बाईंनी ती छोटी यंत्रपेटी मधे ठेवली.

तो चाळीस मिनिटं बोलला. एकदा एक आले आणि तांदूळ मागितला. नाही म्हणायची सोय नव्हती. पाठोपाठ दुसरे आले आणि तांदूळ का दिला म्हणून विचारलं. मग त्याच्या भावाला ओझं उचलायला म्हणून नेलं. कुणी नेलं, ते तो बोलला. मी इथं लिहीत नाही. भाऊ परत आला नाही. आई रोज त्याच्या वाटणीची भाकर वेगळी काढून ठेवते आणि सकाळी ती कोंबड्यांना घालते. हे सगळं तो सांगत होता आणि मी खाली मान घालून एकेक वाक्य इंग्रजीत करत होतो. माझ्या आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी मी एकही शब्द पदरचा घातला नाही. आण्णा नंतर तेवढंच म्हणाला, "बोललास मातर चांगलं."

तो थांबला. बाईंनी बोट वर केलं. रेडिओवाल्यांची एक रीत असते, मुलाखत संपली की त्या जागेचा नुसता आवाज मिनिटभर टिपून घ्यायचा. पानं, पाखरं, वारा. पुढं जोडकामाला लागतो. हे बाईंनी आदल्या दिवशी मला नीट समजावून सांगितलं होतं. मिनिटभर कुणी बोलायचं नाही.

मिनिट म्हणजे असतं केवढं? पण त्या माणसाच्या भावाची वेगळी काढलेली भाकर माझ्या डोळ्यांपुढनं हलेना. तो समोर गुडघ्यावर हात ठेवून बसलेला, जमिनीकडं बघत. एवढं सगळं सांगून झालेल्या माणसाला आपण काहीच म्हणायचं नाही, नुसती पाखरं ऐकत बसायचं, हे मला सोसेना. काहीतरी मायेचं बोलावं असं वाटलं. आणि आमच्याकडं मायेचं म्हणून जे पहिलं तोंडात येतं तेच आलं.

"पावणं," मी म्हणालो, "गाव कुठलं म्हणायचं तुमचं?"

त्यानं वर बघितलं. इतका वेळ कुणी आपल्या माणसानं विचारावं तसं कुणी विचारलंच नव्हतं की काय, कोण जाणे. त्यानं गाव सांगितलं. नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. गावाशेजारचा नाला सांगितला. मी आणखी रंगात येऊन म्हणालो, "अस्सं! आणि मंडळींचं माहेर?" त्यानं तेही सांगितलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा थोडासा हसला.

आण्णाचा हात यंत्रपेटीवर पडला तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिच्यावरचा तांबडा ठिपका तेवत होता.

मी पुष्कळांना पुष्कळदा माझ्या फजितीच्या गोष्टी सांगतो. ही आजवर कुणाला सांगितली नव्हती. आण्णा रागावला नाही. म्हणाला, "सगळं पुसायला सांग." मी बाईंना सांगितलं. बाईंचा चेहरा पडला. शेवटचं तेवढं मी स्वतः कापीन म्हणाल्या, पण तिथल्या तिथं नुसतं शेपूट पुसता येत नव्हतं, पुसायचं तर चाळीस मिनिटं पुसायची. आण्णानं त्या माणसाला त्याच्या भाषेत विचारलं. तो यंत्रपेटीकडं बघत काहीतरी बोलला. आण्णानं मला सांगितलं, "राहू दे म्हणतोय. भावाचं कुणीतरी ऐकू दे म्हणतोय." आण्णानं बाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि हात उचलला. त्या दिवशी सूर्य मावळायच्या बराच आधी आम्ही बाहेर आलो. आण्णा तरीही जेवला नाही.

बाईंनी शब्द पाळला. त्यांच्या कार्यक्रमात गाव नव्हतं, नाव नव्हतं. पण त्यांच्या हातातनं ते दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं, आणि त्या दुसऱ्यानं, ऐकणाऱ्यांना मूळ आवाज मिळावा अशा चांगल्या हेतूनं, मुलाखत अख्खीच्या अख्खी इंटरनेटवर ठेवली. तिथून ती कुणीतरी इकडच्या एका छोट्या वर्तमानपत्रात उतरवून छापली, गावासकट. बाईंचा फोन आला तेव्हा त्या रडत होत्या आणि त्यांचं इंग्रजी मला पहिल्यांदाच कळत नव्हतं. ती मुलाखत मी एकदा ऐकली. चाळीस मिनिटं त्याचा आवाज आणि मधे मधे माझा, शुद्ध, दाबलेला. मग पाखरं. मग एकदम कोल्हापूर... "पावणं, गाव कुठलं म्हणायचं तुमचं?" इतक्या प्रेमानं कुणाचा घात केलेला मी तरी ऐकला नाही.

आण्णा त्याच दिवशी नागपूरच्या गाडीत बसला. मी येतो म्हणालो, तर म्हणाला, "तू नको." एकवीस दिवसांनी परत आला. दाढी वाढलेली, अंगातला सदरा ढगळ झालेला. मी कागल स्टँडवर उभा होतो. त्याला उतरू पण दिलं नाही, विचारलं, "हाय का रं तो? घावला का?" आण्णानं बॅग माझ्या हातात दिली आणि चालायला लागला. चार पावलांवर थांबून म्हणाला, "मास्तर, तू इचारू नगंस. तुला कळलं की तुझ्या जिभेला कळलं."

त्यानंतर आण्णा जंगलात गेला नाही. पानांचं काम सोडलं, परदेशातनं येणारे फोन घेईना. घरच्या दोन एकरांत ऊस लावला. अधूनमधून दोन-दोन दिवस कुठंतरी जायचा, कुठं ते वहिनींनाही सांगायचा नाही. माझ्याशी मात्र त्यानं बोलणं तोडलं नाही, आणि खरं सांगतो, तोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. दर रविवारी दुपारी मी कागलला जायचो. पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या स्टुलावर ती पितळेची ताटली असायची, तिच्यात दाणे आणि गूळ. नकाशा नाही, नुसता ढीग. आम्ही खात बसायचो, उसाच्या, पोरांच्या, गुडघ्यांच्या गप्पा मारायचो, आणि उठताना मी दर खेपेला विचारायचो, "तेवढं सांग की. जिता हाय का न्हाय?" तो दर खेपेला ताटली माझ्याकडं सरकवायचा. इतकी वर्षं. कधी मी चिडलो, कधी रडलो, एकदा तर वहिनींना मधे घातलं. त्या म्हणाल्या, "भावजी, मला सांगितलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंच असतं, म्हणूनच त्यांनी मला सांगितलं न्हाई."

एकदाच, एका रविवारी, आण्णा मी न विचारताच बोलला. बाहेर ऊसतोड चाललेली. म्हणाला, "चूक तुझी न्हाई रं. तू इचारलास, कारण तू तसाच हाईस, ते मला आधीपासनं ठावं हुतं. पुसायला लावायचं काम माझं हुतं. एवढा चालून आला, सांगितला, ते पुसायला मला जड गेलं..." आणि मग ताटलीतला गूळ फोडायला लागला. गूळ फुटलेलाच होता.

मी त्या दिवसापासनं लोकांना गाव विचारायचं सोडायचं ठरवलं. एका लग्नात दिवसभर पाळलं. पंगतीत दोन्ही बाजूला अनोळखी माणसं, आणि मी ओठ दाबून जिलेबी खातोय. संध्याकाळी वधूपित्यानं हात जोडून विचारलं, "मास्तर, मानपानात काय कमी पडलं काय आमचं?" आमच्याकडं हा प्रश्न न विचारणं म्हणजे भांडण काढणं. आण्णानं ते आयुष्यभर कसं निभावलं असेल, आपल्याच मुलुखात परक्यासारखं... ते त्या दिवशी मला थोडं कळलं.

शेवटची भेट तो जायच्या आधीच्या रविवारची. मी गेलो तर ताटलीत ढीग नव्हता. नकाशा मांडलेला होता. पोचा उत्तरेला, मिठाची नदी, खोबऱ्याचा डोंगर, सगळं जिथल्या तिथं. आण्णाचा हात आताशा कापायचा, नदी जरा वाकडी गेली होती. मी बघत राहिलो. त्यानं एका जागेवर बोट ठेवलं, तिथला दाणा उचलला, आणि ताटलीच्या कडेबाहेर, स्टुलावर, माझ्या अंगाला ठेवला.

"हे काय?" मी म्हणालो.

"खा."

"हे कुठलं गाव म्हणायचं?" जीभ ती जीभच. आण्णा इतका हसला की त्याला ठसका लागला. वहिनी पाणी घेऊन आल्या. "ह्यो मास्तर," त्यांना म्हणाला, "चितेवरनं उठून इचारंल, लाकूड कुठल्या गावचं." मी दाणा खाल्ला. मला काही कळलं नाही. कळलं असतं तर मी आणखी विचारलं असतं, आणि हे त्याला माहीत होतं.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी घरासमोर मांडव घातला होता. कागलची निम्मी माणसं, मुरगूडकडची, निपाणीकडची, विडीपानाच्या धंद्यातली जुनी माणसं. आण्णाचे एक चुलते आहेत, ऐंशीच्या पुढचे, कानानं कमी, आवाजानं जास्त. ते सतरंजीवर एका टोकाला बसून आल्यागेल्याची विचारपूस करत होते. म्हणजे काय, तर तोच प्रश्न. "पावणं, गाव कुठलं?" एकाचं झालं की पुढचा. "मुरगूड? मुरगुडात कुणाचं?" मग त्यापुढचा. मी दुसऱ्या टोकाला होतो. माझ्या शेजारी एक माणूस मांडी घालून बसला होता. तो कसा दिसत होता, काय घातलं होतं, एकटा होता की कुणाबरोबर, यातलं काही मी लिहिणार नाही. महावीरनं चहा आणला आणि त्याला म्हणाला, "घ्या." त्यानं "नको" म्हटलं. एवढा एक शब्द. मी त्याच्याकडं बघितलं नाही. मी त्या झाडाखाली चाळीस मिनिटं खाली मान घालून बसलो होतो. चेहरा मी तेव्हाही धड बघितला नव्हता. आवाज माहीत होता. आणि आण्णानं नकाशातनं उचलून ताटलीबाहेर, माझ्या अंगाला ठेवलेला तो दाणा आठवला.

चुलत्यांचा प्रश्न सतरंजीवरनं सरकत येत होता. सहा माणसं राहिली, पाच राहिली. शेजारचा माणूस हलला नाही, पण त्याच्या गुडघ्यावरची बोटं आत वळली. चार. तीन. इतकी वर्षं जे विचारायला मी दर रविवारी दहा मैल जात होतो, ते आता फुकटात समोर उलगडणार होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. जन्मात न जमलेली गोष्ट.

"आणि हे पावणं? गाव कुठलं म्हणायचं?" चुलते ओरडले.

"आमच्याच गावचं हाईत, आप्पा!" मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो. मांडवातली माणसं वळून बघायला लागली. "आमच्याच गल्लीतलं. माझ्या भावकीतलं. बायकोचं माहेर पण तिकडचंच. मी आणलंय संगं."

"अस्सं व्हय," चुलते समाधानानं म्हणाले. "मग कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

शेजारच्या माणसानं त्या वेळी माझ्याकडं बघितलं असावं. मी समोरच्या खांबाकडं बघत होतो. थोड्या वेळानं तो चुलत्यांना म्हणाला, "व्हय, ह्यांच्याच गावचा." व्हय अगदी आमच्यासारखं, कोल्हापुरी, फक्त शेवटाला किंचित जपून. मग चहा घेतला. उठताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला की सतरंजीवरनं उठायला आधार घेतला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तोच होता का? नक्की सांगता येत नाही. शपथेवर विचारलं तरी नाही. नसलाच, तर मी एका परक्या माणसाला भर मांडवात भावकीत घेतलंय, आणि ही माझी आणखी एक फजिती. ज्याला ती हवी त्यानं घ्यावी.

रविवारी मी कागलला जातो. वहिनी सवयीनं ताटली भरून खिडकीखाली ठेवतात. समोरची खुर्ची रिकामी असते, आणि मी अर्धा तास कुणाला काही न विचारता बसतो. बाहेर उजेड उतरायला लागला की त्या आतनं सांगतात, "भावजी, दिवस मावळतोय, तेवढं संपवा." मी ढिगातला एक दाणा उचलून ताटलीच्या कडेबाहेर, माझ्या अंगाला ठेवतो. थोडा वेळ त्याच्याकडं बघतो. मग खाऊन टाकतो.